‘विहार’ या शब्दाची किंमत : ब्रिटनमधील विहारनौका आणि इंधनावरील कर

इंधनाच्या किमतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच तेलविहिरी, युद्धे, उत्पादक राष्ट्रांचे संघ आणि चलनांचे विनिमयदर यांकडे वळते. ते योग्यच आहे. तथापि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या एक लिटर तेलाच्या किमतीत एक अंश असाही असतो की, जो विहिरीपाशी ठरत नाही आणि बाजारातही ठरत नाही. कायद्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ कोठवर ताणावयाचा, यावर तो ठरतो. ब्रिटनमध्ये हौसेने नौका बाळगणाऱ्यांच्या इंधनाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे शतकभर सरकारने तेल विकणाऱ्याला व घेणाऱ्याला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला : हे तेल कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर नौकेच्या बाबतीत सोपे नव्हते, आणि त्या अवघडपणाचा भार अखेर कोणावर पडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. एक तेल, अनेक नावे

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात रॉकेलच्या पाठोपाठ जो अंश हाती येतो त्यावर डिझेल एंजिन चालते. ब्रिटिश व्यापारात त्याचे जुने नाव ‘गॅस ऑइल’ असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतील दिव्यांसाठी जो गॅस तयार होई त्याची प्रकाशशक्ती वाढविण्याकरिता हे तेल वापरीत, म्हणून हे नाव पडले. गॅसचे दिवे गेले, नाव राहिले. मराठीतील ‘घासलेट’ हा शब्दही ‘गॅसलाइट’वरून आल्याचे समजले जाते. वस्तूचा मूळ उपयोग लोपल्यावरही तिचे नाव टिकून राहते, याचे ते घरचे उदाहरण होय.

कायद्याच्या भाषेत हेच तेल ‘जड तेल’ या वर्गात पडते. रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्ण कर भरून घेतलेल्या तेलाला ‘डर्व’ म्हणतात. हा शब्द ‘डिझेल-एंजिन्ड रोड व्हेइकल’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. म्हणजे मुळात ते वाहनाचे वर्णन. पुढे ते त्या वाहनात घालावयाच्या तेलाचे नाव झाले. करात सूट मिळालेल्या तेलात तांबडा रंग मिसळतात, म्हणून त्याला ‘लाल डिझेल’ हे लोकांनी दिलेले नाव आहे. या नावांमागील द्रव जवळजवळ एकच आहे. त्यांतील मुख्य भेद उपयोगाचा आणि कराचा आहे, रसायनशास्त्राचा नव्हे.

२. बाजाराचा वाटा

किमतीचा जो अंश सर्व ग्राहकांना समान असतो त्याचा विचार प्रथम थोडक्यात करणे इष्ट होईल. कच्च्या तेलाचा व्यवहार डॉलरमध्ये होतो. त्यामुळे विहिरीपाशी काहीच घडले नाही तरी पौंड घसरला की ब्रिटिश ग्राहकाचे तेल महागते. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे मूल्य २·८० डॉलरवरून २·४० डॉलरवर आणले गेले, तेव्हा हा अनुभव आलाच. त्याच वर्षी जूनमध्ये सुएझ कालवाही बंद झाला होता. तत्पूर्वी १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर १७ डिसेंबर १९५६ पासून मे १९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग करावे लागले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली, आणि सौदी अरेबियाच्या हलक्या तेलाची जाहीर किंमत पिंपास ३·०१ डॉलर होती ती १ जानेवारी १९७४ रोजी ११·६५ डॉलर झाली. १९७५ साली उत्तर समुद्रातील ब्रिटिश तेल किनाऱ्यास लागले. परंतु आपल्या समुद्रातील तेलही जगाच्या भावानेच विकत घ्यावे लागते, हे तेथील ग्राहकास लवकरच कळून चुकले. जुलै २००८ मध्ये अमेरिकन तेलाने पिंपास १४७ डॉलरची सीमा गाठली. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या काळात साठवणुकीस जागा उरली नाही म्हणून, त्याच तेलाचा वायदेभाव एक दिवस शून्याच्याही खाली गेला. आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर ब्रेंट तेल काही काळ १३९ डॉलरवर पोहोचले.

कच्च्या तेलाच्या भावावर शुद्धीकरण, वाहतूक आणि विक्री यांचा खर्च चढतो. नौकांच्या धक्क्यावरील पंपाचा खप हंगामी व थोडा असतो; साहजिकच त्याचा स्थिर खर्च थोड्या लिटरांवर वाटला जातो. शिवाय १ जानेवारी २०११ पासून अंतर्गत जलमार्गांवरील व विहारनौकांच्या गॅस ऑइलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आणण्याचा नियम लागू झाला. तेल स्वच्छ झाले, पण ते तयार करण्याचा खर्चही वाढला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. इंधनावरील कर हा किमतीच्या शेकड्यावर नसून लिटरमागे ठराविक पेन्स असा असतो. २३ मार्च २०११ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत रस्त्यावरील डिझेलचा कर लिटरला ५७·९५ पेन्स आणि लाल डिझेलचा ११·१४ पेन्स होता. करापूर्वीची किंमत ४० पेन्स होती असे क्षणभर गृहीत धरू. मूल्यवर्धित कर बाजूस ठेवला, तर लाल डिझेल ५१·१४ पेन्सला आणि करभरणा झालेले डिझेल ९७·९५ पेन्सला पडेल. आता करापूर्वीची किंमत दुप्पट झाली, तर पहिले शेकडा ७८ ने महागते, दुसरे शेकडा सुमारे ४१ नेच. ज्याला सूट आहे त्याला तेल स्वस्त मिळते हे खरे. परंतु जगाच्या बाजारातील प्रत्येक हेलकावा त्यालाच प्रमाणाने अधिक जाणवतो. मच्छीमार व कालव्यावरील नौकावाले तेलाच्या भाववाढीने अधिक अस्वस्थ का होतात, याचे एक कारण या गणितात आहे.

३. रस्ता, रेशन आणि रंग

उपयोग पाहून कर ठरविण्याची ब्रिटिश प्रथा जुनी आहे. १९०९ च्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर गॅलनला ३ पेन्स कर बसविला, तेव्हाच व्यापारी वाहनांना निम्म्या दराची सवलत देण्यात आली. पहिल्या महायुद्धानंतर हा कर काही वर्षे नव्हता. १९२८ साली चर्चिल यांनी गॅलनला ४ पेन्स या दराने तो पुन्हा आणला. जड तेल त्या वेळी यातून सुटले. परिणाम असा झाला की, मोटारींच्या मालकांना डिझेल एंजिनाचे आकर्षण वाटू लागले, आणि लहान नौकांत पेट्रोलवर सुरू होऊन पुढे रॉकेलवर चालणारी एंजिने लोकप्रिय झाली. ग्लासगोची केल्व्हिन एंजिने या प्रकारची होती. कराचा परिणाम अशा रीतीने यंत्राच्या रचनेपर्यंत पोहोचला होता.

१९३५ साली रस्त्यावरील वाहनांपुरता जड तेलाचा कर पेट्रोलच्या बरोबरीने, म्हणजे गॅलनला ८ पेन्स, करण्यात आला. इतर उपयोगांना ही वाढ लागू नव्हती. शेतातील ट्रॅक्टर, कारखान्यातील भट्टी आणि पाण्यावरील नौका ही सारी ‘इतर’ या एकाच कोठ्यात पडली. नौका मालाची आहे की मौजेची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ती रस्त्यावर चालत नाही एवढे पुरेसे होते. विहारनौकांना पुढील सात दशके जी सवलत मिळाली तिचा उगम त्यांच्याविषयीच्या कोणत्याही ममत्वात नव्हता. ‘रस्ता’ या शब्दाच्या मर्यादेबाहेर त्या होत्या, इतकेच.

‘मौज’ हा शब्द प्रशासनाच्या व्यवहारात ठळकपणे आला तो युद्धकाळात. सप्टेंबर १९३९ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मे १९४० मध्ये नौदल खात्याने रेडिओवरून आवाहन केले की, तीस ते शंभर फूट लांबीच्या यांत्रिक विहारनौकांच्या मालकांनी चौदा दिवसांच्या आत आपल्या नौकांची माहिती कळवावी. त्याच महिन्याच्या अखेरीस डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य परत आणण्याच्या कामी अशा अनेक नौका लागल्या. एकच नौका मे महिन्याच्या आरंभी विहारनौका होती आणि अखेरीस लष्करी वाहन होती. नौकेत काही बदल झाला नव्हता. तिच्या उपयोगाचे नाव बदलले होते. १९४२ साली खाजगी मोटारींचे मूळ रेशनही बंद झाले, आणि केवळ हौसेसाठी तेल मिळणे संपले.

युद्धानंतर रेशन चालूच राहिले व काळाबाजार वाढला. त्यावर उपाय म्हणून १९४८ साली व्यापारी वाहनांच्या पेट्रोलमध्ये तांबडा रंग मिसळण्यात आला. खाजगी मोटारीच्या टाकीत असे पेट्रोल सापडले तर मालकाचा वाहनपरवाना वर्षभर रद्द होई. १९५० च्या मे महिन्यात रेशनिंग उठले आणि लाल पेट्रोलही गेले. परंतु कल्पना शिल्लक राहिली, आणि पुढे सवलतीच्या जड तेलाला तोच तांबडा रंग मिळाला. रेशनच्या निळ्या रॉकेलशी परिचित असलेल्या महाराष्ट्रीय वाचकास या युक्तीचे नवल वाटणार नाही. रंग येथे भाषेचे काम करतो. जो दस्तऐवज हरवू शकतो, खोटा करता येतो, त्याच्याऐवजी तेलच स्वतःविषयी साक्ष देते : ‘माझ्यावर पूर्ण कर भरलेला नाही.’

४. ‘खाजगी विहारनौका’ : एक व्याख्या

दरम्यान पाण्यावरील जीवन पालटत होते. कालव्यांवरील मालवाहतूक ओसरली. १९४६ साली जुन्या जलमार्गांच्या रक्षणासाठी ‘इनलंड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था निघाली, आणि १९६८ च्या वाहतूक अधिनियमाने कालव्यांचे वर्ग पाडताना ‘विहाराचे जलमार्ग’ असा एक स्वतंत्र वर्गच निर्माण केला. सात फुटांहूनही अरुंद अशा ज्या नौका कोळसा वाहत होत्या, त्यांच्या धर्तीवर सुटीच्या व राहण्याच्या नौका बांधल्या जाऊ लागल्या. त्यांतील एंजिन डिझेलचे. पुष्कळांची शेगडी व दिवेही त्याच टाकीतील तेलावर अवलंबून.

१९९२ साली युरोपीय समुदायाने खनिज तेलांवरील कराची रचना एकसारखी करण्यासाठी निर्देश काढला. जलवाहतुकीच्या इंधनाला त्यात करमाफी होती. परंतु ‘खाजगी विहारनौका’ त्यातून वगळल्या होत्या. जी नौका मालक किंवा तिचा उपभोग घेणारी अन्य व्यक्ती व्यापारेतर कारणासाठी वापरते ती खाजगी विहारनौका, असा व्याख्येचा आशय होता. प्रवासी किंवा माल यांची वाहतूक, मोबदल्याने दिलेली सेवा आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांचे काम ही व्यापारी बाजूस पडली. ही व्याख्या नकारात्मक आहे हे लक्षात घेतले पाहिजे. विहार म्हणजे काय हे ती सांगत नाही. जे व्यापारी नाही ते सारे विहार, असे ती सांगते. १९३५ साली सीमारेषा रस्ता आणि रस्त्याबाहेरचे सारे यांत होती. १९९२ साली ती व्यापार आणि व्यापाराबाहेरचे सारे यांत आली. पहिल्या विभागणीत नौका ‘इतर’ म्हणून सुटली होती. दुसरीत ती ‘इतर’ म्हणूनच अडकली.

ब्रिटनने या नियमास अपवाद मिळविला होता. २००३ च्या ऊर्जाकरविषयक निर्देशाने त्याची मुदत ३१ डिसेंबर २००६ ठरविली, आणि ती वाढवून देण्यास युरोपीय आयोगाने नकार दिला. ‘रॉयल यॉटिंग असोसिएशन’ने सवलत टिकावी म्हणून केलेल्या प्रयत्नांना यश आले नाही. १ नोव्हेंबर २००८ पासून खाजगी विहारनौकेस पुढे नेण्यासाठी जाळलेल्या डिझेलवर पूर्ण कर द्यावा लागू लागला.

५. साठ आणि चाळीस

परंतु टाकी एकच होती. तीतील कोणता थेंब नौका पुढे नेईल आणि कोणता केबिन उबदार ठेवील, हे भरताना कोणालाच सांगता येत नाही. ब्रिटिश प्रशासनाने यावर शोधलेला मार्ग भाषेचाच होता. ग्राहकाने लाल डिझेल घेताना त्याचा किती भाग गतीसाठी आणि किती घरगुती उपयोगासाठी हे लेखी सांगावयाचे, आणि नोंदणीकृत विक्रेत्याने गतीच्या भागावरील कराचा फरक वसूल करून सरकारजमा करावयाचा. शेकडा ६० गतीला व ४० घरगुती उपयोगाला, ही विभागणी सामान्यतः ग्राह्य मानली गेली. ज्याचा वापर वेगळा असेल त्याने आपले खरे प्रमाण सांगावे, अशी अपेक्षा होती.

वर दिलेल्या दरांनी १०० लिटरांचा हिशेब करून पाहावा. सर्व तेल लाल दराने घेतले तर कर ११·१४ पौंड. सर्व पूर्ण दराने घेतले तर ५७·९५ पौंड. साठ-चाळीसने घेतले तर ३९·२३ पौंड. शिडाच्या नौकेचे लहान एंजिन ताशी एक-दोन लिटर तेल घेते. तिच्या मालकास हा फरक हंगामाच्या खर्चात फारसा जाणवत नाही. दोन मोठी एंजिने लावून पाण्यावर उसळत जाणाऱ्या वेगवान नौकेस ताशी शंभर लिटरही लागू शकतात. तिचा मालक वेग कमी करू शकतो. पाण्यातून नौका लोटण्यास लागणारी शक्ती वेगाच्या वाढीहून फार झपाट्याने वाढते, त्यामुळे वेग थोडा उतरला तरी तेल पुष्कळ वाचते. तो सफरी आखूड करू शकतो किंवा नौका धक्क्यालाच ठेवू शकतो. हौशी माणसाजवळ हा एक उपाय नेहमीच असतो : हौस आवरणे.

६. चौदा दिवस

मात्र ‘खाजगी विहारनौका’ या कोठ्यात असेही लोक होते की ज्यांना हा उपाय उपलब्ध नव्हता. इंग्लंडच्या कालव्यांवर नौकेतच संसार करणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांतील काहींजवळ कायमच्या मुक्कामाची जागा नसते. अशा नौकांविषयी १९९५ च्या ‘ब्रिटिश वॉटरवेज’ अधिनियमाने असे ठरविले की, त्या खरोखरीच जलप्रवासासाठी वापरल्या गेल्या पाहिजेत आणि सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक काळ एका जागी सलग राहता कामा नयेत. २०१२ साली कालव्यांचा कारभार ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’कडे गेला, नियम तोच राहिला.

दोन कायदे शेजारी ठेवून वाचले म्हणजे विसंगती उघड होते. एक कायदा नौकावासीयास सांगतो : तू हललेच पाहिजेस, न हललास तर तुझी परवानगी जाईल. दुसरा सांगतो : तुझे हलणे हा विहार आहे, त्यावर पूर्ण कर भर. सक्तीने केलेली हालचाल ही मौज कशी, हा प्रश्न व्याख्येत बसत नाही. कारण ती हालचाल व्यापारी नाही एवढेच व्याख्येला हवे असते. जमिनीवर घर असलेल्या माणसाचे घर एका जागी असते आणि त्याचे वाहन वेगळे असते. त्यामुळे त्याच्या घरातील उष्णतेवरील कर आणि वाहनातील तेलावरील कर आपोआप वेगळे पडतात. नौकावासीयाचे घर हेच त्याचे वाहन. साठ-चाळीसच्या प्रमाणाने त्याला काही न्याय मिळाला. त्या प्रमाणाचा खरा आधार तोच होता. यामुळे हे प्रमाण टिकणे किंवा न टिकणे हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या छंदाचा राहिला नाही.

७. रंगाचे दोन अर्थ

या व्यवस्थेतील दुबळा दुवा रंगात होता. युरोपीय समुदायाने १९९५ साली करसवलतीच्या तेलात खूण मिसळण्याविषयी निर्देश काढला होता. त्या खुणेचा अर्थ एकच असावयाचा : या तेलावर पूर्ण कर भरलेला नाही. २००८ नंतर ब्रिटिश नौकेच्या टाकीतील लाल तेलावर मात्र बहुतांशी कर भरलेला असे. म्हणजे तेच चिन्ह ब्रिटनमध्ये एक सांगे आणि खाडीपलीकडे दुसरे. बेल्जियमच्या बंदरांत ब्रिटिश नौकांच्या टाक्यांत लाल तेल आढळल्यावर काही मालकांना दंड झाले. करभरणीच्या पावत्या जवळ बाळगाव्यात असा सल्ला नौकावाल्यांना मिळू लागला. ज्या दस्तऐवजाची गरज संपविण्यासाठी रंग योजला होता, तोच दस्तऐवज आता रंगाचा खुलासा करण्यास लागत होता.

हे प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले. ब्रिटनचे म्हणणे असे होते की, लहान बंदरांत मच्छीमार व विहारनौका यांना मिळून एकच पंप असतो. दुसरी टाकी बसविण्याचा खर्च विक्रेत्यास झेपणार नाही. ही अडचण खरी होती. विहारनौकांसाठी लाल तेल बंद झाले, तर विक्रेता एकच कोणते तरी तेल ठेवील, आणि दोहोंपैकी एका वर्गास तेलासाठी दुसऱ्या बंदरात जावे लागेल. न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनविरुद्ध, आणि त्याच दिवशी आयर्लंडविरुद्धही, निर्णय दिला. कर भरला असला तरी खाजगी विहारनौकेच्या गतीसाठी खूण केलेले तेल वापरू देणे निर्देशाशी विसंगत आहे, असा त्याचा आशय होता. भाषेच्या दृष्टीने पाहता हा निर्णय तर्कशुद्ध आहे. जे चिन्ह दोन परस्परविरुद्ध अर्थ सांगते, ते चिन्ह म्हणून निरुपयोगी होय.

आयर्लंडने १ जानेवारी २०२० पासून अशा वापरास बंदी केली. ब्रिटन तोवर संघातून बाहेर पडण्याच्या मार्गावर होते. बाहेर पडताना झालेल्या कराराच्या उत्तर आयर्लंडविषयक भागामुळे तेथे युरोपीय करनियम लागू राहिले, म्हणून २०२१ साली उत्तर आयर्लंडमध्येही विहारनौकांच्या गतीसाठी लाल डिझेल बंद झाले. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथे मात्र ते चालू ठेवण्यात आले. १ एप्रिल २०२२ पासून बांधकामासारख्या अनेक व्यवसायांची लाल डिझेलची सवलत ब्रिटनने काढून घेतली, तेव्हाही या तीन देशांतील विहारनौकांना ते तेल घेण्याची मोकळीक राहिली. गतीच्या भागावरील कराचा फरक भरण्याची अट अर्थातच कायम होती.

एकाच राज्याच्या दोन भागांत एकाच प्रकारच्या नौकेसाठी तेलाचा रंग वेगळा, अशी ही परिणती आहे. तिचा अर्थ लावताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. तेलाच्या भावातील चढउतार नौकावाल्याच्या हाती नाही, आणि त्या बाबतीत तो सर्व जगाचा सहप्रवासी आहे. करातील वाटा मात्र मनुष्यनिर्मित आहे, आणि तो ‘रस्ता’, ‘व्यापार’, ‘विहार’, ‘गती’ या शब्दांच्या अर्थांतून निर्माण झाला आहे. कायद्याला व्याख्या लागते, आणि व्याख्या केली की काही वस्तू रेषेवर येऊन उभ्या राहतात. यात कोणाचा दोष नाही. दोष तेव्हा होतो, जेव्हा रेषेवर उभ्या असलेल्याचे स्वतंत्र नाव शोधण्याऐवजी त्याला ‘इतर’ या कोठ्यात ढकलले जाते. चौदा दिवसांनी नांगर उचलून पुढच्या वळणावर जाणाऱ्या कुटुंबास कायद्याने अद्याप वेगळे नाव दिलेले नाही. ते मिळेपर्यंत त्याच्या एका टाकीचे साठ आणि चाळीस असे दोन भाग पडत राहतील, आणि त्याच्या घराचे चालणे विहारातच मोजले जाईल.